पावशेर म्हणजे किती? सातारा-सांगलीची मापे, हिब्रू ‘लोग’ आणि खंडीभर ज्वारीचा हिशेब

१/
साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या मंडईत आजही गिऱ्हाईक ‘पावशेर मिरची’ मागते आणि विक्रेता २५० ग्रॅम तोलून देतो. व्यवहार चोख होतो. मात्र मेट्रिक पद्धतीपूर्वीचा प्रमाण शेर ९३३ ग्रॅमांचा होता आणि त्याचा पाव म्हणजे २३३ ग्रॅम. नाव तेच राहिले, वजन १७ ग्रॅमांनी वाढले. मिरचीच्या बाबतीत हा फरक कोणाला जाणवणारही नाही. हाच प्रकार जुन्या कागदातल्या ‘खंडी’विषयी घडला, तर मात्र एखाद्या गावाच्या पोटापाण्याचे सगळे चित्रच पालटते. हा धागा त्या रूपांतराविषयी आहे.

२/
प्रथम स्वयंपाकघरातली उतरंड. पश्चिम महाराष्ट्रात धान्य मोजण्याची मापे साधारणपणे अशी होती:
२ निळवी = १ कोळवे
२ कोळवी = १ चिपटे
२ चिपटी = १ मापटे
२ मापटी = १ शेर
२ शेर = १ अधोली
२ अधोल्या = १ पायली
‘पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा’ ही म्हण याच उतरंडीतून आली. दुपटीची ही रचना सोयीची होती. चिपटे खरे आहे की नाही हे पाहायला तराजू लागत नसे. ते दोनदा भरून मापट्यात ओतले की झाले. निरक्षर माणसालाही मापाची परीक्षा घेता येईल, अशी ही व्यवस्था होती.

३/
आता पहिली अडचण. ‘शेर’ दोन प्रकारचा होता. एक वजनी, म्हणजे तराजूत तोलायचा, आणि दुसरा मापी, म्हणजे भांड्यात भरून मोजायचा. जुन्या कागदांत मापाने मोजलेल्या धान्यासाठी ‘कैली’ असा शब्द येतो. गूळ, तूप, हळद तोलून. ज्वारी, बाजरी, भात मापून, असा सर्वसाधारण व्यवहार असे. पावशेर, अच्छेर, नवटाक, छटाक ही नावे वजनी शेराच्या घरातली. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे ही मापी शेराच्या घरातली. दोन्ही घरांत कर्त्याचे नाव ‘शेर’च असल्यामुळे आजच्या वाचकाची गफलत होते.

४/
वजन आणि आकारमान यांतला हा भेद क्षुल्लक नाही. एक लिटरच्या भांड्यात पाणी भरले तर ते १ किलो भरते. त्याच भांड्यात गोडेतेल सुमारे ९१० ग्रॅम, गहू साधारण पाऊण किलो किंवा थोडा जास्त, आणि न सडलेली साळ जेमतेम ५५० ते ६०० ग्रॅम मावते. म्हणजे ‘एक पायली’ हे उत्तर नसून अर्धवट प्रश्न आहे. पायली कशाची, हे कळल्याशिवाय तिचे किलो करता येत नाहीत. पाककृतीतल्या ‘एक कप’चे ग्रॅम करताना रवा आणि पोहे यांना एकच आकडा लावला, तर जो घोटाळा होतो तोच हा.

५/
दुसरी अडचण शिगेची. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवून सपाट केले, तर धान्य एक भरते. वर शीग लावली, म्हणजे मावेल तितका निमुळता ढीग रचला, तर त्याच मापात बरेच जास्त जाते. देणारा सपाट माप धरू पाहणार आणि घेणारा शिगेचे मागणार. खळ्यावर बलुतेदाराचा वाटा मोजताना किंवा सावकाराचे धान्य फेडताना माप कोणाच्या घरचे आणि शीग कोणी लावायची, हा हक्काचा प्रश्न असे. म्हणूनच मापारी हा बाजारातला महत्त्वाचा माणूस. पहिले माप टाकताना तो ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो आणि मग ‘दोन, तीन’ अशी मोजणी पुढे नेतो. नव्या सुनेने उंबरठ्यावर ओलांडायचे असते तेही तांदळाने भरलेले मापच. भरलेल्या मापाला या समाजात केवढे मोल होते, ते यावरून दिसते.

६/
तिसरी अडचण वरच्या पायऱ्यांची. २० मणांची खंडी, हे सर्वत्र सारखे. पण मण किती पायल्यांचा? मराठेशाहीच्या कागदांत धान्याच्या आकड्यापुढे कधी ‘बारुले’ असा शब्द दिसतो. त्याचा अर्थ १२ पायल्यांचा मण. याच्याच जोडीला १६ पायल्यांचे ‘सोळुले’ माप होते. बारुली खंडी २४० पायल्यांची आणि सोळुली ३२० पायल्यांची. वाचताना हा एक शब्द सुटला, तर ८० पायल्यांची तूट किंवा भर पडते. मोडी लिप्यंतर करताना ‘हा तपशील किरकोळ’ म्हणून वगळू नये, तो याच कारणासाठी.

७/
चौथी अडचण सत्तेची. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे नकाशावर सरळ दिसतात. एकोणिसाव्या शतकात तसे नव्हते. साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य १८४८ साली प्रतापसिंहांचे बंधू शहाजी यांच्या निधनानंतर इंग्रजांनी खालसा केले. शेजारी सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, औंध पंतप्रतिनिधींचे, फलटण नाईक-निंबाळकरांचे, जत डफळ्यांचे. आटपाडी औंधकडे होती. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. बैलगाडीने दोन दिवसांच्या प्रवासात तीन अंमल लागत. माप आणि वजन यांवर शिक्का मारणे हा राज्यकर्त्याचा अधिकार असे. साहजिकच एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेच्या पायलीशी जुळेलच, याची हमी नसे.

८/
इंग्रजी अमलानेही हा गुंता लगेच सुटला नाही. १८३३ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनचा तोळा ठरवला. त्यावर ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण बसतो, म्हणजे मण ३७.३२ किलोंचा. पण मुंबईचा व्यापारी मण २८ पौंडांचा होता, म्हणजे अवघा १२.७ किलोंचा, आणि मद्रासचा २५ पौंडांचा. तिन्ही ठिकाणी शब्द ‘मण’च. १८३५ सालापासून कंपनीचा रुपयाही एक तोळा वजनाचा पडू लागला, त्यामुळे ८० रुपये पारड्यात टाकले की शेर तपासता येई. जुन्या नोंदींत ‘अमुक रुपये भाराचा शेर’ असे वर्णन येते ते याच पद्धतीचे. पण त्यापूर्वीच्या अंकुशी, चांदवडी अशा रुपयांचे वजन नेमके तेवढेच नव्हते. मोजपट्टी म्हणून घेतलेली वस्तूच बदलली, तर मोजमापही बदलते.

९/
मोजपट्टी बदलण्याचा हा प्रश्न जगात सर्वांत चिकाटीने ज्यांनी सोडवू पाहिला, त्या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रातही आहे. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांत त्यांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८७४ साली पुण्यात हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर अशी शेजारी शेजारी छापली गेली. त्या रात्री द्राक्षरसाचे चार पेले प्यायचे असतात, आणि पेला निदान किती मोठा असावा याला धर्मशास्त्रात माप आहे. त्या मापाचे नाव ‘रेविईत’, म्हणजे एका ‘लोग’चा चौथा हिस्सा.

१०/
प्राचीन हिब्रू मापांची उतरंड मराठी वाचकाला परकी वाटणार नाही:
४ लोग = १ काब
६ काब = १ सेआ
३ सेआ = १ बथ (द्रवासाठी) किंवा १ एफा (धान्यासाठी)
१० बथ = १ कोर
तेल आणि द्राक्षरस यांसाठी आणखी एक माप, हिन. १२ लोगांचा हिन आणि ६ हिनांचा बथ. म्हणजे एका बथात ७२ लोग. आपल्याकडे नवटाक म्हणजे नऊ टांक, आणि आठ नवटाकांचा एक शेर. म्हणजे त्या शेरातही ७२ टांक. यात नातेसंबंध शोधायचे कारण नाही. ७२ या संख्येला २, ३, ४, ६, ८, ९, १२ यांनी भाग जातो, म्हणून ती कुठल्याही बाजारात उपयोगी पडते.

११/
पण लोग म्हणजे आजचे किती मिलिलिटर? तालमूदच्या परंपरेत याचे उत्तर स्वयंपाकघरातूनच दिले आहे: सहा कोंबडीच्या अंड्यांइतके आकारमान. रेविईत म्हणजे दीड अंडे. अंडे सगळीकडे मिळते, राज्य बुडाले तरी कोंबडी अंडी घालतच राहते, आणि राजाच्या शिक्क्याची गरज उरत नाही. शिवकाळातल्या जमीन मोजणीची काठी ‘पाच हात पाच मुठी’ अशी सांगितलेली आहे, तीही याच धर्तीची. हात आणि मूठ प्रत्येकाजवळ असतात. वरवर पाहता हा तोडगा पक्का वाटतो.

१२/
अठराव्या शतकात प्रागचे धर्मशास्त्री येहेज्केल लांडाऊ यांनी तो तपासला. काही मापे अंड्यावरून काढता येत, काही अंगठ्याच्या रुंदीवरून. दोन्ही वाटांनी एकच उत्तर यायला हवे होते, पण अंगठ्याने काढलेले माप अंड्याने काढलेल्या मापाच्या जवळपास दुप्पट निघाले. त्यांनी निष्कर्ष काढला की अंगठे मोठे झालेले नसणार, अंडीच लहान झाली असणार. विसाव्या शतकात या वादाचे दोन ठळक पक्ष झाले. जेरुसलेमचे हायिम नाए यांनी रेविईत ८६ मिलिलिटर धरली. ‘हझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे अव्राहाम येशाया कारेलिट्झ यांच्या पक्षात ती सुमारे १५० मिलिलिटर धरतात. दोन्ही आकडे आजही पाळले जातात.

१३/
पुरातत्त्वाने तिसरी वाट दाखवली. लाखीश येथील उत्खननात ‘राजाचा बथ’ अशा अर्थाची अक्षरे असलेला रांजणाचा तुकडा सापडला. अशा अवशेषांवरून बथ सुमारे २२ लिटरांचा असावा असा अंदाज केला जातो. त्या हिशेबाने लोग ३०५ मिलिलिटरांचा येतो. आता स्वयंपाकघरातले एक लिटर तेल लोगांत मांडू:
पुरातत्त्वाच्या अंदाजाने ३.३ लोग
नाए यांच्या आकड्याने २.९ लोग
हझोन ईश यांच्या आकड्याने १.७ लोग
एकच तेल, तीन उत्तरे. यांतले कोणतेही बेसावध गणिताचे फळ नाही. फरक इतकाच की प्रत्येकाने हातात धरलेला आधार वेगळा आहे: भांड्याचा तुकडा, आजचे अंडे, किंवा अंगठा.

१४/
शिगेचा प्रश्नही तिथे होताच. मिश्नामध्ये एके ठिकाणी द्रवाच्या ४० सेआ मावणारे भांडे कोरड्या धान्याच्या २ कोर घेते असे म्हटले आहे. २ कोर म्हणजे ६० सेआ. वरचे २० सेआ कुठून आले? ते शिगेचे. तेलाला शीग लावता येत नाही, ज्वारीला येते. द्रवाचे माप काठाशी थांबते, म्हणून त्यात वादाला जागा कमी. धान्याच्या मापात मात्र काठाच्या वरही बाजार भरतो. आपल्या खळ्यावरची घासाघीस आणि हा प्राचीन हिशेब यांत हजारो मैलांचे अंतर आहे, पण अनुभव एकच आहे.

१५/
आता सातारा-सांगलीकडे परत येऊन एक उदाहरण सोडवू. समजा, एका कागदात कुणब्याच्या घरी ‘ज्वारी खंडी १’ शिल्लक असल्याची नोंद आहे. तिचे किलो किती?
मुंबईची वजनी खंडी (५६० पौंड) धरली तर २५४ किलो.
८० तोळी शेराची वजनी खंडी धरली तर ७४६ किलो.
मापी शेरात ८० तोळे ज्वारी मावते असे मानून बारुली खंडी धरली तर ९६० शेर, म्हणजे ८९६ किलो.
त्याच गृहीतावर सोळुली खंडी धरली तर १२८० शेर, म्हणजे ११९४ किलो.
एका शब्दाची चार उत्तरे आली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे यांत साडेचार पटींहून अधिक अंतर आहे.

१६/
हे अंतर ताटात काढून पाहू. पाच माणसांचे घर, दर माणशी रोज अर्धा किलो ज्वारी, म्हणजे रोजची अडीच किलो. पहिल्या उत्तरात ही शिल्लक १०१ दिवस पुरते. माघात भरलेली कणगी उन्हाळ्यातच रिकामी होते. शेवटच्या उत्तरात ती ४७७ दिवस पुरते. म्हणजे पुढचे पीक येऊनही घरात धान्य उरते. पहिले घर सावकाराच्या दारात उभे आहे, दुसरे शेजाऱ्याला उसने देऊ शकते. ‘त्या काळी रयत सुखी होती’ किंवा ‘त्या काळी रयत भुकेली होती’ अशी विधाने समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. त्यांच्या बुडाशी अनेकदा असा एखादा न तपासलेला मण बसलेला असतो.

१७/
याउलट, एकक पक्के असेल तर इतिहास किती थेट जाब विचारू शकतो, याचेही उदाहरण याच मुलखाने पाहिलेल्या दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने मुंबई इलाख्यातील सातारा जिल्ह्यासह दख्खनचा मोठा भाग होरपळला. दुष्काळी कामावरच्या मजुराला किती द्यावे, यावर सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेला दर ‘टेंपल वेतन’ म्हणून कुप्रसिद्ध आहे: पुरुषाला दिवसभराच्या कष्टाबद्दल एक पौंड धान्य आणि वर एक आणा. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. त्यात बारुले-सोळुले नाही आणि शीगही नाही. ८० तोळी शेराने ते अर्ध्या शेराहूनही किंचित कमी भरते.

१८/
दगड फोडणाऱ्या माणसाला हे पुरते का, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या दराविरुद्ध काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने रयतेची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर आक्षेप घेतले, आणि १८७७ साली मद्रासमध्ये धान्याचे प्रमाण सव्वा पौंडांवर नेण्यात आले. दीडशे वर्षांनंतरही हा वाद आपल्याला ग्रॅमांत तपासता येतो, कारण त्याचे एकक निश्चित आहे. खंडी आणि पायली यांच्या नोंदींनाही तेवढाच न्याय मिळायला हवा. त्यामागेही जेवणारी माणसे होती.

१९/
म्हणून जुना आकडा हाती आला की पाच प्रश्न विचारावेत:
१. हे वजन आहे की माप?
२. कोणत्या पेठेचे, कोणत्या अमलातले, कोणत्या वर्षीचे?
३. वरच्या पायरीत किती घटक, बारुले की सोळुले?
४. माप सपाट की शिगेचे?
५. आत काय भरले होते?
पाचही उत्तरे मिळाली, तरच एक आकडा लिहावा. न मिळाल्यास ‘अमुक ते तमुक किलो’ असा पल्ला द्यावा आणि कोणते गृहीत धरले ते लिहावे. मूळ शब्द तर कंसातसुद्धा टाकू नये, तो आधी लिहावा आणि रूपांतर मागून. पुढच्या अभ्यासकाला अधिक चांगला पुरावा मिळाला, तर त्याला मूळ शब्दापासून पुन्हा सुरुवात करता येते.

२०/
१ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि शिक्क्याच्या जुन्या मापांचा अंमल संपला. ती मापे मात्र सगळीच मोडीत गेलेली नाहीत. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत माळ्यावर, देवघरात किंवा धान्याच्या डब्यात एखादे पितळी मापटे किंवा लोखंडी पायली अजून आहे. ती हाती लागली तर घासून चकचकीत करण्याआधी तीवरचा शिक्का, अक्षरे आणि साल यांचे छायाचित्र घ्यावे. मग माप रिकामे तोलावे, काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलावे. वाढलेले ग्रॅम म्हणजे त्या मापाचे मिलिलिटर. नंतर तेच माप ज्वारीने एकदा सपाट आणि एकदा शिगेने भरून तोलावे. चारही आकडे, गावाचे नाव आणि माप कोणाकडून आले हे एका वहीत टिपून ठेवावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंधरा मिनिटांत होणारे हे काम आहे, आणि त्या गावच्या खंडीचे उत्तर शोधताना पुढे तेच उपयोगी पडेल.

(धागा समाप्त)